खेड्यात घर बांधताय? कुदळ मारण्याआधी कागद हातात घ्या

"आपल्याच जागेत बांधून राह्यलो, कोणाले काय इचाराचं?"

वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात घरांचे नकाशे काढायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. हे वाक्य दर उन्हाळ्यात कानावर पडतं. बोलणाऱ्याचा त्यात काही वाईट हेतू नसतो. बापजाद्यांची जागा, स्वतःच्या कष्टाचा पैसा, मग परवानगी कसली, असं वाटणं साहजिक आहे. पण दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ मला विसरता येत नाही. एका तरुण शिक्षकाने पायाची आखणी बघायला बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा चुन्याच्या रेघा मारून नऊ खड्डे खोदून झाले होते, सळई उतरली होती आणि शेजारचे काका मोजणीचा जुना नकाशा हातात धरून उभे होते. टेप लावला. एका बाजूचे तीन खड्डे सव्वा फूट काकांच्या हद्दीत गेले होते. खड्डे बुजवले, मजुरी बुडाली आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं ते झालंच. मोजणी आधी झाली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

म्हणून पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांसाठी, नोकरीहून गावी परतणाऱ्यांसाठी आणि घरकुल मंजूर झालेल्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे. ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने कामं करा. क्रम चुकला की खर्च वाढतो.

आधी जागा कोणती ते ओळखा

सगळं इथून ठरतं. एकाच गावात चार घरं शेजारी-शेजारी असतात आणि चौघांना नियम वेगळे लागतात, कारण चौघांच्या पायाखालच्या जमिनीचा प्रकार वेगळा असतो.

जागा गावठाणात असेल, म्हणजे आपल्याकडे ज्याला आबादी म्हणतात त्यात, तर तिचा सातबारा सहसा नसतोच. लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात आणि "हा आमचा मालकीचा कागद" म्हणतात. इथेच मोठी गफलत होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे. त्या जागेचा कर कोण भरतो हे त्यावरून कळतं, पण मालकी सिद्ध व्हायला तेवढ्याने भागत नाही. त्यात महसूल खात्याचाही एक ८-अ असतो, तो शेतजमिनीचा खाते उतारा. नावं सारखी, कागद वेगळे. माझ्या चुलतभावाने घरकर्जाच्या फायलीत फक्त नमुना ८ लावला होता, बँकेने फाईल परत केली. मग जुना बक्षीसपत्राचा कागद शोधता शोधता दोन महिने गेले.

आता स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतं. २४ एप्रिल २०२० ला ही योजना सुरू झाली. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर घराचं मालमत्ता पत्रक आधी काढा आणि त्यावरचं नाव, क्षेत्रफळ, चतुःसीमा शांतपणे वाचा. आजोबांच्या नावावरच असेल तर वारसांची नोंद आत्ताच करून घ्या. भाऊ-बहिणी सगळे बोलत्या नात्यात असताना ते काम सहज होतं.

जागा गावठाणाबाहेर, शेतात असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू होते. शेतजमीन शेतीसाठी आहे, राहण्यासाठी वापरायची तर अकृषिक वापराचा प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी संहितेच्या कलम ४२-ड ने वाट सोपी केली होती. प्रादेशिक योजनेत, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या सरकारी आराखड्यात, ती जमीन विकासयोग्य विभागात असली की रूपांतरण कर वगैरे भरून राहण्याचा वापर करता येत असे. या बाबतीतले नियम अलीकडे वरचेवर बदलले आहेत, तेव्हा शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका. तलाठ्याकडे जाऊन आजचं काय ते विचारा. (आपल्याकडची म्हातारी माणसं त्यांना अजून पटवारीच म्हणतात, सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. तसंच ग्रामसेवकांचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी.)

सातबारा हातात आला की वरच्या भागात भोगवटदार वर्ग बघा. वर्ग-१ असेल तर ठीक. वर्ग-२ असेल तर शासनाने काही अटींवर दिलेली जमीन आहे, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिचा व्यवहार होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची असेल तर कलम ३६-अ आडवं येतं, आणि ते यायलाच हवं. ते कलम नसतं तर मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत किती जमीन कोणाच्या हातात गेली असती याचा विचार करवत नाही.

पूर्व विदर्भातल्या लोकांनी आणखी एक शब्द शोधावा: झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत हा शब्द असलेल्या हजारो हेक्टर जमिनी आहेत. जागेवर एक बोरीचं झाड नसेल, तरी नोंद आहे. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीन मानाव्यात असं सांगितलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यांनी रीतसर वाटप केलेल्या जमिनींसाठी शासनाने केंद्राकडे मंजुरी मागायची आहे. मतलब, अशा जागेवर आज नवीन पाया खोदणं म्हणजे पैसा मातीत घालणं. कोणी "गावातल्या सगळ्यांनी बांधलं, तुम्हीही बांधा" म्हणालं तरी थांबा.

शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेल्या प्लॉटबद्दल एवढंच सांगतो. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. शेताचे गुंठा-गुंठा तुकडे पाडून कोणी विकत असेल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदाही लागू शकतो. पैसे द्यायच्या आधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा.

मग मोजणी

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज करा. शेजाऱ्यांना नोटिसा जातात, भूकरमापक जागेवर येतो, खुणा दाखवतो आणि नंतर मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. मोजणीच्या दिवशी घरी राहा. शेजाऱ्यांना चहा पाजा, त्यांच्यासमोर कोपऱ्यांवर दगड रोवा, मोबाईलवर फोटो काढा. या एका दिवसाने पुढची वीस वर्षं शांततेत जातात.

नकाशा आणि परवानगी

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार गावाच्या हद्दीत नवीन इमारत बांधायला किंवा पाडून पुन्हा उभारायला ग्रामपंचायतीची आधी परवानगी लागते. त्याच्या जोडीला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आहे. बांधकाम कसं असावं, मोकळी जागा किती सोडावी, किती मजले चालतात हे राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहे. ती डिसेंबर २०२० पासून लागू झाली.

लहान घरांसाठी तुम्हाला धीर देणारी बाब अशी, की २०२१ पासून ग्रामीण भागात ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ३२०० चौरस फुटांपर्यंत नगररचनाकाराकडे जावं लागत नाही. त्यातही दोन टप्पे आहेत.

१५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १६०० चौरस फुटांच्या भूखंडावर घर बांधताना चार गोष्टी ग्रामपंचायतीत द्यायच्या: मालकीचे कागद, मोजणी किंवा लेआउटचा नकाशा, घराचा नकाशा, आणि तो नकाशा नियमावलीप्रमाणे आहे असं परवानाधारक अभियंत्याचं किंवा वास्तुविशारदाचं प्रमाणपत्र. शुल्क भरायचं, पोच घ्यायची, काम सुरू करायचं. वेगळ्या परवानगीची वाट बघायची नाही.

१५० ते ३०० चौरस मीटर असेल तर तेच कागद दिल्यावर ग्रामपंचायत विकास शुल्क किती ते कळवते. ते भरलं की दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळायला हवं. त्याहून मोठं बांधकाम नगररचना विभागाकडे जातं. गावठाणाबाहेर प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात असाल तर महसूल खात्याशीही बोलावं लागतं.

परवानगी मिळाली की ती कायमची नसते. नगररचना अधिनियमाखाली मिळालेली परवानगी एक वर्ष चालते, अर्ज करून मुदत वाढवता येते. कापसाचे पैसे आले की जोतं, पुढच्या हंगामात भिंती, असं टप्प्याटप्प्याने बांधणारे आपल्याकडे खूप. त्यांनी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आणि पोच. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. "साहेबाजवळ ठेवलं हाओ" याला कागदावर काही किंमत नाही. मी स्वतः एका पक्षकाराचा अर्ज बिनपोचेचा ठेवून आलो होतो. कर्मचाऱ्याची बदली झाली, अर्ज सापडेना, सगळं नव्याने करावं लागलं. तेव्हापासून शिक्का बघितल्याशिवाय मी पायरी उतरत नाही.

विनापरवाना बांधलं तर? नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे, त्याच्याच कलम ५३ खाली बांधकाम काढून टाकायची नोटीस निघू शकते. खेड्यात तुरुंगापर्यंत गोष्ट क्वचित जाते. पण कर्ज अडतं, विक्री अडते, भावकीत वाटणी अडते, आणि शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर तुमची झोप उडते.

घरकुलवाल्यांनी हे वाचून आपल्याला लागू नाही असं समजू नये. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं घर धरलं आहे. मंजुरी म्हणजे पैशाची मंजुरी. जागा कोणाची हा प्रश्न तिथेही सुटत नाही. रेतीही पासवरचीच घ्या. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत मोफत रेतीची तरतूद आहे, ती तहसीलमधून मागा. रात्री येणाऱ्या ट्रॅक्टरच्या रेतीमुळे तुमचंच नाव अडकतं.

वर तार, खाली पाणी

नकाशा काढताना मी आधी मान वर करून बघतो. घरावरून किंवा बाजूने वीजतार जाते का? साध्या कमी दाबाच्या लाईनपासून घराच्या सर्वात उंच भागापर्यंत किमान २.५ मीटर आणि बाजूने १.२ मीटर अंतर लागतं. ११ केव्हीच्या, म्हणजे उच्च दाबाच्या लाईनला वर ३.७ मीटर, बाजूने १.२ मीटर. हे मोजताना आजचं छत धरू नका, उद्या चढणारा मजला आणि स्लॅबवर उभा राहून सळई उचलणारा मजूर धरा. वीस फुटी सळई तारेला टेकायला एक क्षण पुरतो. तार हलवायची तर वीज कंपनीकडे आधी अर्ज करा, स्वतः बांबूने वर ढकलू नका.

नदी-नाल्याजवळ जागा असेल तर पूररेषा विचारा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन घराचं नावच काढू नका. वर्धा, वैनगंगा, पैनगंगेच्या काठच्या गावांत रेषा आखलेली नसेल तर गावातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला "पाणी कुठवर आलं होतं" हे विचारा आणि जोतं त्याच्या वर घ्या.

शौचालयाचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर लांब ठेवा. विहीर तुमची असो की शेजाऱ्याची.

काळी माती

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. कायद्याने सगळे कागद पूर्ण असूनही आपल्याकडची घरं फाटतात, त्याचं कारण पायाखाली आहे. कपाशीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात जा, भेगांमध्ये मनगटापर्यंत हात जातो. तीच माती घराला वर्षातून एकदा उचलते आणि एकदा खाली सोडते. भिंत हे सहन करत नाही. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते.

म्हणून "तीन फूट खोदा, बस झालं" म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका, ते कितीही अनुभवी असले तरी. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. पाच फुटांवर लागो की सात. एका घरी मी मालकाला खड्ड्यात उतरवलं, त्याच्या हातात पहार दिली. काळ्या मातीत पहार लोण्यासारखी जात होती. मुरमाला लागली तेव्हा टणकन वाजली. "हा आवाज येईपर्यंत," एवढंच मी त्याला सांगितलं. मुरूम फारच खोल असेल तर मुळाशी कंदासारखे फुगवलेले छोटे पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब घालतात, त्यासाठी भारतीय मानक आयएस २९११ आहे. ते काम अभियंत्याशिवाय करू नका. जोत्यात काळी माती भरू नका, मुरूमच भरा. घराभोवती तीन फुटांचा पक्का ओटा उताराने करा, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरणार नाही. न्हाणीचं पाणीही तिथे सोडू नका.

आरसीसीचं काँक्रीट एम-२० या ताकदीच्या दर्जापेक्षा कमी नसावं, हे काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांआधी काढू नयेत, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस. सेंट्रिंगवाल्याला पाट्या दुसरीकडे न्यायची घाई असते, आपण नाही म्हणायचं. आणि पाणी. उष्ण-कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान दहा दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला किमान चौदा दिवस पाणी हवं. चंद्रपूरच्या ४५ अंशात स्लॅब दुपारी टाकू नका, पहाटे सुरू करा. आळी करून पाणी भरा, नाहीतर ओली पोती अंथरा. बायाबापड्यांनी सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या मारल्या म्हणजे पाणी दिलं असं होत नाही. काम करणाऱ्यांना सावली आणि माठाचं पाणी द्या, हे वेगळं सांगायला नको.

घर झालं, आता जपणं

काम पूर्ण झालं की ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नोंद करून घ्या. पती-पत्नी दोघांचंही नाव लावा. मीटर घेताना अर्थिंग खरोखर जमिनीत जातं का ते बघा, आणि ३० मिलीअँपिअरचा गळतीवर बंद पडणारा स्विच बसवा. कूलरच्या ओल्या पत्र्यातून शॉक बसून दर उन्हाळ्यात माणसं जातात, त्या स्विचची किंमत त्यापुढे काहीच नाही.

डागडुजीला परवानगी लागते का, हे लोक हमखास विचारतात. आतली गिलाई, रंग, फरशी, कवेलू फेरणं याला लागत नाही. नवीन खोली, वरचा मजला, रस्त्याकडे ओटा किंवा गॅलरी वाढवणं याला लागते. सार्वजनिक रस्त्यावर आलेला ओटा हे अतिक्रमण आहे, ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली ग्रामपंचायत ते काढू शकते. छताचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडू देऊ नका, पन्हाळ लावून आपल्याच हद्दीत उतरवा. आपल्याकडची निम्मी भांडणं त्या पागोळीवरून सुरू होतात.

रोहिणी लागल्या की वर चढा. माकडांनी फोडलेले कवेलू बदला. टिनाचं छप्पर असेल तर हूक आणि बोल्ट ओढून बघा, टिनावर दगड ठेवू नका, वादळात तेच दगड खाली येतात. मातीच्या जुन्या भिंतीचं बूड ओलं, फुगलेलं दिसलं तर त्या खोलीत पावसाळ्यात कोणी झोपू नये. शेजारचा पडका वाडा तुमच्या बाजूला कलला असेल तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा, प्रत तहसीलदारांना द्या, दोन्हीची पोच घ्या.

भिंतीला भेग दिसली तर लगेच सिमेंटने बुजवू नका. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. पावसाळ्यानंतर आणि पुन्हा मे महिन्यात बघा. रेघेच्या पुढे सरकली असेल तर पाया हलतो आहे, अभियंत्याला बोलवा. जिथल्या तिथे असेल तर भरून टाका.

पावसाने पडझड झालीच तर ढिगारा उचलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि त्याच दिवशी तलाठ्यांना पंचनाम्यासाठी कळवा. त्या वेळी मालमत्ता पत्रक, परवानगी आणि घरपट्टीची पावती मागतात. या तिन्हींच्या प्रती घराबाहेर, बहिणीकडे किंवा मुलाच्या फोनमध्ये ठेवा, कारण पेटी नेमकी पडलेल्या खोलीत असते.